१२ डाइन देऊनही एंडोथेलियल पेशी प्रवाहाच्या दिशेने वळत नाहीत, काहून?

मेडिकल_चौक

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेज लॅबचा सेटअप आहे. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर प्रवाहाचा काय परिणाम होतो ते बघायचंय. पेशी ह्युवेक, म्हणजे नाळेच्या शिरेतून काढलेल्या, चौथ्या पॅसेजच्या (म्हणजे लॅबमध्ये चारदा नव्या डिशमध्ये हलवून वाढवलेल्या).

चेंबर ॲक्रिलिकचा, खाली नेहमीची ७५ × २५ मिमी काचपट्टी, मध्ये सिलिकॉनचं गॅस्केट. पाकिटावर जाडी २५० मायक्रॉन. चॅनेल १.५ सेंमी रुंद, ५ सेंमी लांब. तीन रोलरचा पेरिस्टाल्टिक (रोलरने नळी चेपून द्रव ढकलणारा) पंप. लूपमध्ये ४० मिली मीडियम, १० टक्के सीरम, सगळं इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर. काचेवर ०.२ टक्के जिलेटिन, पेशी पेरल्यावर १८ तासांनी प्रवाह सुरू. व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) ०.०१ पॉइज धरून १२ डाइन प्रति चौरस सेंमी शिअरसाठी ११.२५ मिली प्रति मिनिट येतं. शिअर म्हणजे प्रवाह भिंतीला घासत दर चौरस सेंमीला जी ओढ लावतो ती; पुढे नुसतं 'डाइन' म्हणते. पहिल्या मिनिटापासून तेवढंच लावलंय.

२४ तासांनी दिसतं ते असं: चॅनेलच्या डाव्या बाजूला पेशी थोड्या लांबट झालेल्या, उजवीकडे अगदी फरशीच्या ठोकळ्यांसारख्या, जशा स्थिर डिशमध्ये असतात तशाच. इनलेटपासून मधोमध एक उघडा पट्टा, जणू कुणी बोटाने पुसून घेतलंय. बाकी ठिकाणी तुरळक भोकं.

दोन प्रश्न. एक, चुकतंय कुठे? दोन, हा मूलभूत आहे पण प्रेझेंटेशनमध्ये अडकायला होतं: प्रवाह भिंतीला घासतो, मग जास्त घासलं तर जास्त इजा व्हायला हवी. तरी प्लाक (धमनीच्या भिंतीत साचणारा चरबीचा थर) मात्र कमी शिअरच्या जागीच बसतं म्हणतात. हे काहून?

पुढे याच चेंबरमध्ये सिकलसेलच्या लाल पेशी एंडोथेलियमला किती चिकटतात ते १ डाइनवर मोजायचंय. त्याबद्दल काही असेल तर तेही सांगा.

धरमपेठ_फ्लुइड्स

ताई, तुमचे १२ डाइन हे कागदावरचे आहेत. पेशींना काय मिळतंय ते आधी काढू.

सूत्र तुम्ही बरोबर घेतलंय: शिअर = ६ × व्हिस्कॉसिटी × प्रवाह ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). गडबड आत घातलेल्या आकड्यांत आहे.

पहिली, व्हिस्कॉसिटी. ०.०१ पॉइज ही २० अंशांच्या पाण्याची. ३७ अंशांना पाणीच ०.००६९वर येतं, आणि १० टक्के सीरमचं मीडियम ०.००७ ते ०.००८च्या मध्ये कुठेतरी बसतं. ०.००७२ धरू. म्हणजे उंची खरोखर २५० मायक्रॉन असती, तर ११.२५ मिलीला फक्त ८.६ डाइन मिळाले असते. १२साठी १५.६ मिली प्रति मिनिट लागले असते.

दुसरी, उंची. सिलिकॉन दबतं. स्क्रू आवळले की २५०चं गॅस्केट २०० किंवा त्याच्याही खाली जाणं अगदी रोजचं आहे, आणि सूत्रात उंचीचा वर्ग आहे. २५०चं २०० झालं की त्याच प्रवाहाला शिअर दीडपटीच्या वर जातं (१.५६). पाकिटावरची जाडी ही न दाबलेल्या रबराची, तिचा तुमच्या चॅनेलशी संबंध नाही. गंमत म्हणजे व्हिस्कॉसिटीची चूक आकडा फुगवते आणि गॅस्केटची चूक तो दाबते, त्यामुळे दोन्ही एकमेकींना झाकून घेतात आणि पेपरात '१२ डाइन' छापून येतं.

उंची मोजायला वेगळं उपकरण नको. चेंबर बांधून पाण्याने भरा, कोरडं ऑब्जेक्टिव्ह लावा (पाण्यात किंवा तेलात बुडवायचं नको), आधी काचपट्टीच्या वरच्या पृष्ठावर फोकस करा, मग चॅनेलच्या छतावर. दोन्हीकडे मार्करचा बारीक ठिपका असला की फोकस पकडायला सोपं जातं. फाइन नॉबवर जितके मायक्रॉन फिरले त्याला १.३३ने गुणा, कारण पाण्यातून खोली कमी भासते. विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो, तेच. हा गुणाकार विसरला की १९० मायक्रॉनचं चॅनेल १४३चं वाटतं आणि गणित पुन्हा बिघडतं.

मोजताना एकाच जागी मोजू नका. चार कोपरे आणि मध्य. तुमच्या डाव्या-उजव्या फरकावरून मला जवळपास खात्री आहे की एका बाजूचे स्क्रू जास्त आवळलेत. आणि इथे एक फसवी जागा आहे. वरच्या सूत्रात उंची कमी तर शिअर जास्त, म्हणून लोक समजतात की दाबलेल्या बाजूला शिअर जास्त असेल. उलट असतं. चॅनेल आडवं पाचरीसारखं झालं तर दोन्ही बाजूंना लांबीवरचा दाबाचा उतार एकच राहतो, आणि तेव्हा भिंतीवरचं शिअर उंचीच्या सरळ प्रमाणात असतं. एक बाजू १७०, दुसरी २२० असेल, तर खोल बाजूला २९ टक्के जास्त शिअर, आणि प्रवाह तर घनाच्या हिशेबाने तिकडेच दुपटीहून जास्त पळतो. म्हणजे तुमची ठोकळेवाली उजवी बाजू ही बहुधा जास्त दाबलेली आहे.

उपाय: गॅस्केटच्या बाहेर, स्क्रूच्या रांगेत, ठरावीक जाडीच्या स्टीलच्या पट्ट्या टाका. स्पार्क प्लगचं अंतर मोजायचा फीलर गेज असतो ना, त्याचीच पानं कापून चालतात. स्क्रू पट्टीवर टेकले की थांबायचं. मग उंची रबराच्या मूडवर राहत नाही. स्क्रू कर्णाने आवळायचे, गाडीचं चाक बसवताना आवळतात तसे, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे.

प्रवाहही पंपाच्या डायलवरून घेऊ नका. आउटलेटची नळी मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडून ५ मिनिटं भरा. पंपाच्या डोक्यातली सिलिकॉन नळी दिवसभर चेपून मऊ पडते आणि प्रवाह घसरतो, म्हणून सुरुवातीला आणि २४ तासांनी दोन्ही वेळा मोजा.

टर्ब्युलन्सची काळजी मात्र सोडा. या प्रवाहाला रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह थरांत राहील की घुसळेल ते सांगणारा आकडा) तीसच्या आतबाहेर येतो, म्हणजे अगदी कमी, चॅनेलमध्ये प्रवाह थरांतच राहणार.

महाल_कल्चर

वरचं सगळं मान्य. पण उघडा पट्टा गॅस्केटने होत नाही, तो बुडबुड्याने होतो. इनलेटपासून निघालेली, पुसल्यासारखी सरळ वाट म्हणजे त्याची सहीच.

हवेचा बुडबुडा चॅनेलमधून सरकला की त्याच्या कडेला पाणी-हवेचा पडदा पेशीवरून जातो. त्या कडेवर पृष्ठताणाचा जो ओढा बसतो त्यापुढे तुमचे १२ डाइन म्हणजे काहीच नाही. एक बुडबुडा पुरे, २४ तासांचं काम गेलं.

बुडबुडे येतात कुठून? फ्रिजमधलं ४ अंशांचं मीडियम सरळ लूपमध्ये ओतलं तर त्यात विरघळलेली हवा ३७ अंशांना बाहेर पडतेच. थंड पाण्यात वायू जास्त मावतो. म्हणून मीडियम आदल्या रात्री इन्क्युबेटरमध्ये, झाकण सैल करून ठेवा. त्याचा आणखी एक फायदा, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडशी त्याचा पीएच जुळून येतो. चेंबरच्या आधी, शक्य तितक्या जवळ, एक बबल ट्रॅप हवाच: उभी छोटी सिरिंज, प्लंजर काढलेली, तोंड बंद, मीडियम बाजूने आत आणि तळातून बाहेर. भरताना चेंबर उभा धरून खालून वर भरा, हवा आपोआप निघते.

हा ट्रॅप अर्धा रिकामा ठेवला की दुसरं काम फुकटात होतं. तीन रोलरचा पंप धक्के मारतो. प्रत्येक रोलर सुटताना प्रवाह क्षणभर खाली येतो, कधी उलटाही जातो. वरची हवेची उशी ते धक्के शोषते. महाधमनीची लवचिक भिंत हृदयाच्या ठोक्याचं तेच करते. त्याहून बरं हवं असेल तर पंपाचं काम फक्त मीडियम वरच्या बाटलीत चढवणं एवढंच ठेवा, वरच्या बाटलीला ओव्हरफ्लोची नळी द्या, आणि चेंबरमधून खाली गुरुत्वाने वाहू द्या. घराच्या टेरेसवरच्या टाकीचं तंत्र. चॅनेलमध्ये दाबाचा तोटा मिळून पाच-आठ सेंमी पाण्याइतका, १.६ मिमीच्या मीटरभर नळीत आणखी १२ सेंमीच्या आसपास, म्हणजे ३०–४० सेंमी उंचीचा फरक पुरतो. इन्क्युबेटरच्या दोन फळ्यांत बसतं.

आता पेशी. १८ तास कमी आहेत. पेशी नुसत्या चिकटलेल्या नको, एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. प्रवाहाची दिशा ओळखण्यात पेशी-पेशींमधल्या सांध्यांचाच मोठा वाटा आहे. चौरस सेंमीला ६०,००० पेरा, म्हणजे पूर्ण पट्टीला सुमारे ११ लाख, आणि ३६ ते ४८ तास द्या. पट्टीवर कुठेही भोक दिसलं तर ती पट्टी बाजूला ठेवा. भोकाच्या काठची पेशी आधी सुटते, मग तिच्या शेजारची, असं ते पसरत जातं.

काचेवर नुसतं जिलेटिन अशा शिअरला कच्चं पडतं. त्याऐवजी फायब्रोनेक्टिन (पेशींना पकड देणारं प्रथिन) लावा, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांना तासभर. पट्टी साबणाने धुतली असेल तर साबण पूर्ण निघालेला हवा, डिस्टिल्ड वॉटरच्या पाच-सहा विसळण्या.

आणि एकदम पूर्ण प्रवाह कधीच नाही. २ डाइनवर अर्धा-एक तास, मग ५वर दोन तास, मग ८, मग १२. चढायला चार-सहा तास घ्या. तेवढ्या वेळात पेशी खालच्या पकडीच्या जागा पुन्हा बांधून घेतात.

उन्हाळ्यासाठी एक आगंतुक सूचना. मे महिन्यात लॅबमध्ये डेझर्ट कूलर लावला असेल तर लूप भरणं त्याच्या झोतात करू नका. ओल्या ताट्यांतून येणारी हवा बुरशीचे बीजाणू घेऊनच येते, आणि फिरत्या मीडियमच्या लूपमध्ये एक बीजाणू गेला की दोन दिवसांत नळ्यांसकट सगळं फेकायचं. रिझर्व्हॉयरच्या झाकणाला ०.२ मायक्रॉनचा एअर फिल्टर लावलेला असू द्या. इन्क्युबेटरचा पाण्याचा ट्रे कोरडा पडला तर ४० मिलीतलं पाणी उडून मीडियम खारट होतं, तेही पेशी सुटण्याचं कारण असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

संत्रा_मार्केट

एवढी उठाठेव कशाला? सहा विहिरींची प्लेट ऑर्बिटल शेकरवर ठेवा, इन्क्युबेटरमध्ये. शिअर = फिरण्याची त्रिज्या × वर्गमूळ (घनता × व्हिस्कॉसिटी × (२ × पाय × वारंवारता)चा घन). १९ मिमी ऑर्बिटचा शेकर, त्रिज्या ०.९५ सेंमी, २१० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३.५ फेरे, व्हिस्कॉसिटी ०.००७२: उत्तर ८.३ डाइन. पंप नाही, नळी नाही, बुडबुडा नाही.

धरमपेठ_फ्लुइड्स

@संत्रा_मार्केट भाऊ, तो ८.३ आकडा अनंत पसरलेल्या तळाच्या सूत्राचा आहे, विहिरीला भिंती असतात. काठाजवळ तो ढोबळ चालतो. मध्यभागी शिअर कमी असतंच, शिवाय दर फेरीला दिशा बदलत राहते. काठाच्या पेशी गोलाकार रांगेत लागतात, मधल्या नाही लागत. पूर्ण विहीर खरवडून आरएनए काढला तर दोन वेगळ्या जातींच्या पेशींची खिचडी हाती येते. मधला भाग आणि काठ वेगवेगळा खरवडलात तर मात्र शेकर कामाचा आहे, एकाच डिशमध्ये चांगला आणि वाईट प्रवाह दोन्ही मिळतो.

अंबाझरी_काठ

दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच घेतलं नाही, मी घेतो.

'जास्त घासलं की जास्त इजा' हा विचार चुकीचा म्हणून हसण्यासारखा नाही. १९६८मध्ये फ्रायने कुत्र्यांच्या महाधमनीवर दाखवलं होतं की शिअर ४०० डाइनच्या आसपास गेलं की अस्तर खरंच फाटतं. पण निरोगी धमनीत सरासरी असते १० ते २०, शिरांत १ ते ६. म्हणजे ४०० ही गोष्ट एरवी येतच नाही, चिंचोळ्या झालेल्या जागेचा गळा सोडला तर. त्यानंतर वर्षभरात कारो आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं मांडलं: प्लाक बसतं ते कमी शिअरच्या जागी. आज शवविच्छेदनात आणि एमआरआयमध्ये दिसणारा नकाशा त्यांच्याच बाजूचा आहे. मानेतली कॅरोटिड जिथे दुभंगते तिथे प्रवाह मधल्या फाट्यावर आदळतो, ती भिंत स्वच्छ राहते. समोरची, फुगवट्याची बाहेरची भिंत खराब होते. महाधमनीच्या कमानीत आतली वळणाची बाजू खराब होते.

इथे नाग नदीचं उदाहरण हमखास दिलं जातं, वळणाच्या आतल्या काठाला पाणी संथ म्हणून गाळ तिथे बसतो. चित्र डोळ्यासमोर यायला ठीक, पण तिथेच थांबलात तर पुढचं सगळं चुकतं. धमनीत चरबी गाळासारखी खाली बसत नाही. अस्तराच्या पेशी जिवंत आहेत, त्या प्रवाह मोजतात आणि त्यानुसार वागतात. शिअर कमी आणि दिशाहीन झालं की त्या पेशीच दार उघडतात.

बल म्हणून शिअर किती क्षुल्लक आहे ते बघा. धमनीतला दाब सरासरी १०० मिमी पारा, म्हणजे १३,३०० पास्कल. शिअर १५ डाइन, म्हणजे १.५ पास्कल. जवळपास नऊ हजार पट फरक. तरी पेशी या दीड पास्कलवर आपली सगळी रचना बेतते, कारण दाब तिला सगळीकडून चेपतो आणि शिअर तिला एका दिशेने ओढतं. दिशा ही माहिती आहे.

मोजते कशाने? एकच यंत्र नाही. वरती शर्करायुक्त साखळ्यांची ग्लायकोकॅलिक्स, गवतासारखी, तिच्यावर ओढ बसते. पडद्यात पिझो१ नावाची वाहिनी, ताणली की कॅल्शियम आत सोडते. पिझो वाहिन्यांच्या शोधासाठी पॅटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. आणि पेशी-पेशींच्या सांध्यावर पीईकॅम-१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हीईजीएफ रिसेप्टर-२ हे प्रथिनांचं त्रिकूट. महाल_कल्चरने सांधे जुळू द्या म्हटलं, त्याचं कारण हे त्रिकूट. सांधा नाही तर पेशीला अर्धं ऐकू येत नाही.

पुढे घटना वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. सेकंदांत कॅल्शियम. मिनिटांत ईनॉस एन्झाइम जागं होऊन नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तासांत केएलएफ२ आणि केएलएफ४ ही जनुकं वर जातात, जी दाहाला दाबून ठेवतात. दिवसभराने ॲक्टिनचे दोर (पेशीच्या आतला सांगाडा) प्रवाहाच्या रेषेत येतात आणि पेशी लांबट होते. तुम्ही बघताय ती फक्त शेवटची पायरी. प्रवाह मागे-पुढे हलत राहिला आणि सरासरी शून्याजवळ राहिली, तर केएलएफ२ खाली, दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी चालू, पृष्ठावर व्हीकॅम-१ हे चिकटवणारं प्रथिन येतं, आणि मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्याला धरून आत शिरतात. प्लाकची सुरुवात ती.

धमनी स्वतः हे शिअर जागेवर ठेवायला धडपडते. गोल नळीत शिअर = ४ × व्हिस्कॉसिटी × प्रवाह ÷ (पाय × त्रिज्येचा घन). प्रवाह दुप्पट झाला तर शिअर जागेवर आणायला त्रिज्या २च्या घनमुळाइतकी, म्हणजे २६ टक्के वाढायला हवी. नायट्रिक ऑक्साइडने स्नायू सैल होतो आणि ती त्या दिशेने रुंदावते. दवाखान्यात कोपराखाली ५ मिनिटं कफ आवळून सोडतात आणि दंडाच्या धमनीचा व्यास सोनोग्राफीवर बघतात, ती चाचणी हेच तपासते.

प्रयोगात ५० न घेता १२ डाइनच का घेतात, हेही यातूनच कळतं: मोठ्या धमनीत पेशीला सवय आहे ती १० ते २०ची, म्हणून १२. '१२ चांगलं, ० वाईट' एवढ्यावर प्रयोग बेतू नका, स्थिर डिश ही कुठल्याच रक्तवाहिनीत नसते. तिसरा गट ठेवा: सरासरी ०.५, वर-खाली ४ डाइन, सेकंदाला एक झोका. हा आजारी जागेचा नमुना म्हणून बराच वापरला जातो. आणि स्थिर गटालाही पेशीमागे तेवढंच मीडियम द्या. लूपमध्ये ४० मिली आणि डिशमध्ये २ मिली असं असेल, तर पेशींनी सोडलेल्या रसायनांची तीव्रताच वीसपट वेगळी होते, आणि तो फरक तुम्ही शिअरच्या खात्यावर लिहून मोकळे होता.

मेडिकल_चौक

खूपच कामाचं. उंची मोजली. डाव्या काठाला २१५, मध्ये १९०, उजव्या काठाला १६५ मायक्रॉन, १.३३ने गुणून. म्हणजे @धरमपेठ_फ्लुइड्स सरांचा अंदाज तंतोतंत. मधली उंची धरली तर ११.२५ मिलीला १५ डाइन होतात, १२ नाहीत. आता १९०च्या पट्ट्या टाकून १२साठी ९.०३ मिली प्रति मिनिट बरोबर ना?

आणि सिकलसेलसाठी १ डाइन म्हणजे त्याच हिशेबाने ०.७५ मिली. तीन रोलरचा पंप एवढा हळू चालवला तर धक्के मोजता येतील इतके दिसतात.

धरमपेठ_फ्लुइड्स

९.०३ बरोबर. ०.७५साठी रोलरचा पंप नको, सिरिंज पंप घ्या, आणि ढकलण्याऐवजी आउटलेटकडून ओढायला लावा. ओढताना नळी बदलणं सोपं जातं आणि सॅम्पलला सिरिंजमध्ये बसून राहावं लागत नाही. फक्त जोड घट्ट हवेत, ओढताना सैल जोडातून हवा आत येते.

हा भाग मायक्रोस्कोपवर, इन्क्युबेटरबाहेर करणार असाल तर तापमान विसरू नका. ३० अंशांच्या खोलीत पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.००८०, जानेवारीच्या सकाळी २०च्या खोलीत ०.०१००. तोच प्रवाह, तीच उंची, पण ३७च्या तुलनेत थंडीत ४५ टक्के जास्त शिअर. उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला डेटा एकाच आलेखात टाकायचा असेल तर स्टेज हीटर आणि मीडियमची नळी कोमट पाण्यातून नेणं, दोन्ही लागतील.

महाल_कल्चर

सिकलच्या बाबतीत १ डाइन ठीक आहे, कारण चिकटणं मुख्यतः केशिकांच्या लगेच पुढच्या बारीक शिरांत होतं, आणि तिथलं शिअर धमनीपेक्षा बरंच कमी असतं. ह्युवेक मुळात शिरेच्या पेशी, त्यामुळे इथे त्या धमनीच्या प्रयोगापेक्षा जास्त शोभतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने सॅम्पलची अडचण कमी, पण एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमतीपत्र नाळेसाठी वेगळं, रक्तासाठी वेगळं. ते आधी.

लाल पेशी तीनदा धुऊन १ टक्का हिमॅटोक्रिटला (एकूण आकारमानात लाल पेशींचा वाटा) सस्पेन्शन करा. इतकं पातळ असलं की व्हिस्कॉसिटी मीडियमच्याच जवळ राहते आणि वरचं गणित चालतं. पूर्ण रक्त वापरलं तर चालत नाही, रक्ताची व्हिस्कॉसिटी मीडियमच्या चार-पाचपट असते आणि शिअरप्रमाणे बदलते. सस्पेन्शनची नळी दर दोन-तीन मिनिटांनी हलकेच उलटी करत राहा. लाल पेशी तळाला बसतात, आणि दहाव्या मिनिटाला जे आत जातं ते १ टक्का नसतं.

१० मिनिटं सस्पेन्शन, मग साधं मीडियम त्याच प्रवाहाने ५ मिनिटं, मग मोजणी. २० फील्ड तरी, पण इनलेटजवळचा आणि आउटलेटजवळचा १ सेंमी सोडून, आणि बाजूच्या भिंतीपासून २ मिमी सोडून. कडेला शिअर वेगळं असतं. अस्तराच्या पेशींना आधी टीएनएफ (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) दिला तर व्हीकॅम-१ वर येतं आणि कोवळ्या सिकल पेशींवरचं व्हीएलए-४ हे प्रथिन त्याला धरतं. तेव्हा टीएनएफ असलेला आणि नसलेला, दोन्ही गट ठेवा.

मेडिकल_चौक

शेवटचं एक. काचपट्टी चेंबरमधून काढताना गॅस्केटबरोबर पेशींचा थर निघून येतो, मग स्टेनिंगला काही उरत नाही. कोन मोजायचे तर पूर्ण थर हवा.

महाल_कल्चर

काढून फिक्स करू नका, आतच फिक्स करा. ३७ अंशांचं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १ डाइनच्या आसपासच्या प्रवाहाने ३ मिनिटं आत घाला, मग प्रवाह थांबवून १० मिनिटं ठेवा, मग बफरने धुवा. बाहेर येणारं फॉर्मल्डिहाइड वेगळ्या बाटलीत घ्या, लूपमध्ये परत नको, आणि हे काम फ्यूम हूडमध्ये.

चेंबर बफरच्या ताटात बुडवून उघडा, म्हणजे हवेचा पडदा पेशींवरून जात नाही. स्क्रूही कर्णानेच सैल करा. गॅस्केट वर ओढू नका, एका कोपऱ्याखाली बारीक चिमट्याचं टोक घालून आधी पाणी आत शिरू द्या, मग ते आपोआप सुटतं. प्रवाहाची दिशा फिक्स करण्याआधीच काचेच्या मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेनने बाणाने कोरून ठेवा. मार्करने लिहिलंत तर अल्कोहोलमध्ये पुसलं जातं, आणि मग इमेजजे या चित्रमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेशीला लंबवर्तुळ बसवून काढलेले दोनशे कोन कुठल्या रेषेपासून मोजायचे तेच कळत नाही.